वडिलांनी टीव्हीची फी भरली होती

गेल्या महिन्यात आमच्या शाळेच्या ग्रुपवर एकाने एक क्लिप टाकली. पावणेदोन मिनिटांची असेल. कुणीतरी घरच्या व्हीसीआरवर टीव्हीवरनं रेकॉर्ड केलेलं, पडद्याच्या खालच्या बाजूला पांढरी पट्टी सतत थरथरतेय, आवाज घरघरतोय. दूरदर्शनचा कुठलासा कार्यक्रम, सुरुवात कापलेली, शेवट कापलेला, एक बाई हातात माइक घेऊन रस्त्यावरच्या लोकांना विचारतायत की तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं, किती वेळ टिकतं, वरच्या मजल्यावर चढतं का. आता पाण्याबद्दल लोक काय बोलतायत याकडे आमच्यातल्या एकाचंही लक्ष नव्हतं, सगळे बघत होतो मागे. मागे ठाकूरद्वारची एक चाळ, पहिल्या मजल्याचा लाकडी कठडा, त्यावर वाळत टाकलेलं नऊवारी, खाली पिठाची गिरणी आणि गिरणीच्या दारात उभा असलेला माणूस, भुवयांपर्यंत पिठाने पांढरा. चार सेकंद दिसतो तो. त्या चाळीत आमच्या वर्गातली एक मैत्रीण लहानाची मोठी झाली. चाळ कधीच पडली, तिथे आता टॉवर आहे, ती बोरिवलीला राहते. तिने ती चार सेकंद थांबवून फोटो काढला, परत ग्रुपवर टाकला आणि लिहिलं, आमच्या घराचा माझ्याकडे एकही फोटो नाहीये, हा पहिला.

मग दोन दिवस नुसता कल्ला. कुठल्या वर्षीचं असेल? एक म्हणाला क्लिप रंगीत आहे म्हणजे १९८२ नंतरचं, कारण आपल्याकडे टीव्ही रंगीत झाला तो एशियाडच्या वर्षी. बरोबर. दुसऱ्याने लाँड्रीची पाटी मोठी करून बघितली, तर तिच्यावरचा फोन नंबर सहा आकडी, म्हणजे सात आकडी व्हायच्या आधीचं. भिंतीवर एका पिक्चरचं पोस्टर आहे, पण अर्धं फाटलेलं, नुसता हिरोचा गॉगल दिसतोय, त्यावरून चार जणांनी चार पिक्चरची नावं घेतली आणि प्रत्येकाला वाटतंय की आपलंच खरं. मधूनच लाल डबलडेकर जाते पण ती काय तेव्हा रोजच जायची (शेवटची डिझेलवाली साधी डबलडेकर सप्टेंबर २०२३ ला बंद झाली, तेव्हाही ग्रुपवर असाच दिवसभर शोक चालला होता). शेवटी काही ठरलं नाही. विषय बदलला.

माझ्या डोक्यातनं मात्र तो गेला नाही. आपण मित्रमैत्रिणी भेटलो की जुने पिक्चर, जुन्या मालिका, कुठलं थिएटर पडलं, कुठलं हॉटेल बंद झालं, खोताच्या वाडीतलं अनंताश्रम आठवतं का, हे सगळं बोलतो आणि लोक म्हणतात की झालं यांचं रडगाणं सुरू. मला हे अजिबात पटत नाही. या गप्पांमध्ये एक मागणी दडलेली आहे आणि ती आपण कधी धड मागतच नाही. मुंबई दूरदर्शनने १९७२ पासून जे जे चित्रित केलं त्यातलं जे वाचलंय ते सगळं, तारीखवार यादीसकट, लोकांना बघायला खुलं झालं पाहिजे. निवडक नको, सणासुदीला दोन भाग नकोत. सगळं. कारण ते आपलं आहे, आणि हे मी भावनेच्या भरात बोलत नाहीये, ते पैशाच्या हिशोबानेही आपलंच आहे.

माझ्या वडिलांच्या ट्रंकेत एक छोटं पुस्तक होतं. टीव्हीचं लायसन्स. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, तेव्हा घरात टीव्ही ठेवायला लायसन्स लागायचं, रेडिओलाही लागायचं, आणि दरवर्षी पोस्टात जाऊन फी भरायची. ऐंशीच्या दशकात ते रद्द झालं. वडील गोदीत क्लार्क होते, आमचा लाकडी शटरचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही हप्त्याने घेतलेला, त्यात वरनं ही फी. तरी त्यांनी ती एकदाही चुकवली नाही. पोस्टातनं आले की पुस्तक परत ट्रंकेत, वर आजीचं शालू ठेवायचं मलमल. आई म्हणायची शेजारी कोण भरतंय, तुम्हीच तेवढे, तर म्हणायचे कार्यक्रम बघतो ना आपण, मग? त्यांच्यासारख्या लाखो घरांनी भरलेल्या पैशावर आणि नंतर सगळ्यांच्या टॅक्सवर वरळीचं ते केंद्र उभं राहिलं आणि चाललं. म्हणजे जे काही तिथे बनलं त्याचे पैसे आपण एकदा दिलेत. पूर्ण दिलेत.

आणि काय काय बनत होतं! २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई केंद्र सुरू झालं, दिल्लीनंतर देशातलं दुसरंच. आमच्या पिढीला त्यातला गजरा आठवतो, चिमणराव गुंड्याभाऊ आठवतात, दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे, छायागीत आठवतं, साप्ताहिकी आठवते कारण पुढच्या आठवड्यात कुठला पिक्चर आहे ते तिथे कळायचं. पण मला हळूहळू असं वाटायला लागलंय की जे सगळ्यांना आठवतं ते फारसं धोक्यात नाही, लोकप्रिय गोष्टी कुणीतरी कुठेतरी जपतंच. खरी काळजी आहे ती तेव्हा कुणी फार मनापासून न बघितलेल्या कार्यक्रमांची. आमची माती आमची माणसं मधले शेतकरी. कामगार विश्व. ज्ञानदीप. प्रतिभा आणि प्रतिमा मधल्या लेखकांच्या लांबलचक मुलाखती, ज्या लागल्या की आम्ही पोरं खेळायला पळायचो. आज त्यातल्या एखाद्या लेखकाचा नुसता आवाज ऐकायला मिळाला तरी मी अर्धा दिवस घालवीन.

लालबागचा एक मित्र आहे, त्याचे वडील कापडगिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर काम करणारे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा तो सातवीत होता. अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप असा कधी मिटलाच नाही. आज त्या गिरण्यांच्या जागेवर काय आहे ते परळ-लोअर परळला जाऊन कुणीही बघावं, मॉल, ऑफिसं, हॉटेलं, टॉवर. तो म्हणतो की माझ्या मुलीला मी आजोबांबद्दल सांगतो, भोंगा सांगतो, तीन पाळ्या सांगतो, एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी गाववाली मंडळी सांगतो, पण दाखवू काय? गिरणीतल्या साच्यांचा एकत्र आवाज कसा असायचा हे सांगून कळत नाही रे. बरोबर आहे त्याचं. कामगारांसाठी म्हणून सरकारी टीव्हीवर वेगळा कार्यक्रम होता, त्यातला एखादा तुकडा जरी त्याला तारखेनिशी शोधता आला तरी ते त्याच्या घरचं दप्तर आहे.

सिनेमाच्या बाबतीत आपण हे एकदा भोगलंय. आणि तेसुद्धा आमच्या गिरगावातच. पहिला बोलपट आलमआरा, १४ मार्च १९३१ ला गिरगावातल्या मॅजेस्टिकला लागला. आज तो पिक्चर नाही. त्याची प्रिंट शिल्लकच नाहीये, आहेत ते काही फोटो आणि जाहिराती. मॅजेस्टिक थिएटरही नाही, मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर आहे. मी कित्येक वर्षं तिथून पुस्तकं आणि कपडे घेतले आणि माझ्या पायाखाली काय होऊन गेलंय हे मला चाळिशीत कळलं. त्याच्याही आधी ३ मे १९१३ ला गिरगावातच कॉरोनेशनला फाळक्यांचा राजा हरिश्चंद्र लोकांसमोर आला, त्याचीही पूर्ण फिल्म आपल्याकडे नाही, काही भागच आहे, आणि तोही आहे कारण पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पी. के. नायर नावाचा माणूस होता, ज्याने फाळक्यांच्या घरच्यांपर्यंत पोचून रिळं मिळवली. संग्रहालय सुरू झालं १९६४ ला. म्हणजे पहिल्या पिक्चरनंतर पन्नास वर्षांनी. तोपर्यंत हजाराहून जास्त मूकपट बनून गेले होते आणि त्यातले वाचलेले मोजकेच. जुन्या फिल्ममध्ये चांदी असते, ती काढायला लोकांनी फिल्म धुवून टाकली, काही जळल्या कारण ती फिल्म पेट घ्यायची, काही नुसत्या डब्यात सडल्या. एकाही माणसाच्या मनात वाईट नव्हतं. तेव्हा त्या फिल्मची किंमत कुणाला वाटली नाही, एवढंच कारण.

टीव्हीला आता पन्नास वर्षं होऊन गेली. बघा हिशोब.

टेप ही तर फिल्मपेक्षा नाजूक गोष्ट. त्या काळची यू-मॅटिक, नंतरची बीटाकॅम, या टेपांवरचा थर वर्षानुवर्षं दमट हवेत राहिला की चिकट होतो, मशीनच्या हेडला चिकटून सुटायला लागतो, आणि वरळी समुद्रापासून किती लांब आहे ते मुंबईकराला सांगायला नको. टेप धड असली तरी ती चालवायचं मशीन हवं, ते आता कुणी बनवत नाही, जुनी मशीन दुरुस्त करणारे लोक रिटायर झाले. त्यात तेव्हा टेप महाग, एकावरच परत दुसरं रेकॉर्ड करायची पद्धत होती, बातम्या तर लाइव्हच जायच्या. स्मिता पाटील सिनेमात यायच्या आधी इथे मराठी बातम्या वाचायच्या, आमच्या आईला त्यांची साडी आणि कुंकू अजून आठवतं, पण रोजच्या रोज ते जपून ठेवावं असं तेव्हा कुणाला वाटणार? याबद्दल कुणाला दोष द्यायचं मला कारण नाही, बीबीसीसारख्या संस्थेनेही आपले जुने कार्यक्रम असेच पुसले. पण त्यांनी पुढे एक केलं, लोकांना विचारलं की तुमच्याकडे काही आहे का, आणि खासगी संग्राहकांकडून, परदेशातल्या टीव्ही केंद्रांतून हरवलेले काही भाग खरंच परत आले. आपल्याकडे गोरेगाव-मुलुंडपासून सांगलीपर्यंत किती घरांच्या माळ्यावर व्हीएचएस कॅसेट पडून असतील. रिडेव्हलपमेंटला बिल्डिंग गेली की घर रिकामं करताना भंगारात पहिलं काय जातं? कॅसेट. मी स्वतः माझ्या मेव्हण्याच्या घरच्या दोन गोणी जाताना बघितल्यात आणि तेव्हा मला काही सुचलं नाही, याचं मला आज फार वाईट वाटतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण असं काही बोललं की लगेच समोरचा म्हणतो, म्हणजे तुम्हाला चाळीच हव्यात का. नाही हो. मी चाळीत वाढलोय. मजल्याला चार संडास, पहाटे चारला आई पाणी भरायला उठायची, बाळंतीण बाई आणि दहावीचा मुलगा एकाच दहा बाय बाराच्या खोलीत. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नवीन घरांच्या चाव्या मिळाल्या, १६० फुटांतनं ५०० फुटांत गेली ती माणसं, आणि मला मनापासून आनंद झाला. माणसांनी चांगल्या घरात राहावं. मेट्रो गिरगावात आली, माझी बहीण आता वीस मिनिटांत बीकेसीला पोचते, तेही चांगलंच. मला कुठलीही भिंत वाचवायची नाहीये. भिंत जाणारच आहे म्हणून तर तिच्यासमोर जे बोललं गेलं, गायलं गेलं, भांडलं गेलं त्याचं जे चित्रीकरण आधीच झालेलं आहे, ते तरी राहू दे. ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली. मी काही ती बघितली नाही. पण मला माहितीये ती किती हळू चालायची, लोक चालत्या ट्राममधून कसे उतरायचे, कारण पन्नासच्या दशकातल्या पिक्चरमध्ये हिरोच्या मागून ती जाते. पिक्चरवाल्याला ट्राम दाखवायची नव्हतीच, ती आपोआप आली. टीव्हीच्या कॅमेऱ्यात तर असं आपोआप आलेलं जास्त असणार, कारण तो कॅमेरा सेटवर कमी आणि खऱ्या रस्त्यावर, खऱ्या शाळेत, खऱ्या दवाखान्यात जास्त गेला.

काहीच होत नाहीये असं मी म्हणत नाही. सह्याद्रीच्या यूट्यूब चॅनलवर जुन्या गोष्टी येतात, मी बघतो, खाली लोकांच्या कमेंटही वाचतो. प्रसार भारतीचा अर्काइव्हज विभाग आहे, त्यांनी बरंच डिजिटल केलं, नोव्हेंबर २०२४ ला वेव्ह्ज नावाचं अॅपही आलं. सिनेमासाठी तर नॅशनल फिल्म हेरिटेज मिशन म्हणून जवळपास ५९७ कोटींची योजना आहे. म्हणजे पैसा, यंत्रणा, इच्छा, सगळं थोडं थोडं आहे. मग माझं भांडण कशाशी? तर निवडीशी. आजवर जे बाहेर येतं ते कुणीतरी ठरवतं की हे लोकांना आवडेल, म्हणून ते येतं. मार्च २०२० च्या लॉकडाऊनमध्ये रामायण परत दाखवलं, अख्ख्या देशाने बघितलं, छान झालं. पण पिठाच्या गिरणीवाल्या माणसाची चार सेकंद कुणाला आवडतील हे ऑफिसात बसलेला अधिकारी कसं ठरवणार? ते आमच्या मैत्रिणीलाच कळणार. म्हणून निवड बघणाऱ्यावर सोडा, तुम्ही फक्त यादी लावा. लायब्ररीत कसं असतं, पुस्तक वर्षभर कुणी नेलं नाही तरी कार्डावर त्याची नोंद असते. तशी प्रत्येक टेपची नोंद: प्रसारणाची तारीख, कार्यक्रमाचं नाव, निर्माता कोण, कॅमेरा कुणाचा, कुठे शूट केलं, कोण बोलतंय. मराठीत शोधता येईल अशी. व्हिडिओ टाकायला दहा वर्षं लागली तरी हरकत नाही, यादी आधी येऊ दे, काय आहे आणि काय नाही एवढं तरी कळू दे.

लोक म्हणतील कॉपीराइटचं काय. हा खरा प्रश्न आहे, तो झटकून टाकायचा नाही. आपल्या कायद्यात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं चालतो, सरकारी कामाचाही तेवढाच, म्हणजे १९७२ ला दाखवलेला कार्यक्रम आपोआप मोकळा व्हायला २०३३ उजाडणार. आणि त्यातलं नाटक, गाणं, संगीत यांचे हक्क वेगळे, ते लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. तोपर्यंत थांबलो तर टेपच राहणार नाही, मग त्या हक्काचं काय करायचं? माझं म्हणणं असंय की नाटकं, गाणी यांच्याबाबत कलाकारांच्या, लेखकांच्या वारसांशी बोला, कुणी त्यावर जाहिरात लावून पैसे कमावत असेल तर वारसांना त्यातला वाटा द्या, त्यांना तेव्हा मिळालेलं मानधन फार थोडं होतं, आता मिळालं तर मला आनंदच आहे. पण ज्यात नाटक नाही, गाणं नाही, नुसत्या मुलाखती, चर्चा, रस्त्यावरचं शूटिंग, शाळांचे कार्यक्रम, शेतीचे कार्यक्रम, ज्याचा हक्क संस्थेकडेच आहे, ते खुलं करायला कुणाची परवानगी अडलीये? तिथून सुरुवात करा. तेच तर सगळ्यात जास्त आहे आणि त्यालाच कुणी विचारत नाही.

आणि घाई का, तर टेपमुळे आहेच, पण त्याहून जास्त माणसांमुळे. टेप वाचेलही हो, मशीन मिळेल, परदेशातनं आणतील. पण त्यात दिसणारा माणूस कोण हे सांगणारं कोण उरेल? तेव्हाचे निर्माते, कॅमेरामन, निवेदक, आता सत्तरी-ऐंशीत आहेत, कित्येक गेले. ज्या वाड्या-चाळींचं शूटिंग झालं तिथले लोक विरार, बदलापूर, पनवेलला पांगले. आज त्यांना मोबाइलवर क्लिप दाखवली तर ते पाच मिनिटांत दहा नावं सांगतील. केंद्राने एवढंच करावं, यादी लावावी आणि लोकांना सांगावं की ओळखा आणि लिहा. माझ्यासारखे शंभर रिटायर्ड लोक फुकट बसतील रोज दोन तास. मी तर सोमवारपासून.

मागच्या रविवारी आम्ही तिघं त्या मैत्रिणीकडे बोरिवलीला गेलो होतो. तिची आई ८४ वर्षांची आहे, ऐकायला कमी येतं, पण नजर अजून चांगली. मोबाइलवर दिसेना म्हणून टीव्हीला लावून दाखवली ती क्लिप. पहिल्यांदा त्या काही बोलल्याच नाहीत. दुसऱ्यांदा लावल्यावर उठून पडद्याजवळ गेल्या आणि कठड्यावर बोट ठेवलं. म्हणाल्या हा नवीन कठडा आहे, बघ, मधल्या चार पट्ट्या पांढऱ्या लाकडाच्या, जुना पावसात पडला होता, तू नववीत होतीस, गणपतीच्या आधी बसवला. मग गिरणीवाल्याचं नाव सांगितलं, त्याचं गाव सांगितलं, त्याच्या बायकोचं माहेर सांगितलं. वाळत घातलेलं नऊवारी त्यांच्या सासूबाईंचं. मैत्रीण नववीत होती म्हणजे आम्ही सगळेच नववीत होतो, म्हणजे १९८४. दोन दिवस बारा जण भांडून जे ठरलं नव्हतं ते त्यांनी एका बोटाने ठरवलं.

मी ते सगळं वहीत उतरवून घेतलंय, तारखेसकट. लालबागच्या मित्राला आणखी दोन क्लिप मिळाल्यात, त्यात कुठलासा बाजार आहे आणि एक हळदीकुंकू. येत्या रविवारी परत जायचंय त्यांच्याकडे, त्यांनीच बोलावलंय, येताना मोठी वही आण म्हणाल्या.